तीन चाकांच्या मोटरसायकलचा बेल्ट: ताण आणि सरळपणा, दोन्हीच्या चाव्या त्याच

मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसलं की स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, दोन हातांच्या चौकटीच्या) दोन्ही टोकांना एकेक लहानसा बोल्ट दिसतो. दोन्ही बोल्ट सारखे फिरवले की चाक मागे सरकतं आणि बेल्ट ताणला जातो. एकच फिरवला की चाक किंचित तिरकं होतं आणि बेल्ट पुलीवर, म्हणजे तो ज्यावर धावतो त्या खाचांच्या चकतीवर, डावीउजवीकडे सरकू लागतो. ताण आणि सरळपणा या दोन वेगळ्या गोष्टी, पण त्यांच्या चाव्या त्याच दोन. ताण जुळवायला जावं तर सरळपणा बिघडतो, सरळपणा जुळवावा तर ताण हलतो. बहुतेकांची चिडचिड इथेच होते, कारण आधी एक काम उरकू आणि मग दुसरं, अशा हिशेबाने माणूस बसलेला असतो. खरं म्हणजे ते एकच काम आहे आणि पाव-पाव आट्याने, म्हणजे बोल्टाच्या पाव-पाव फेऱ्याने, पुढेमागे करतच ते संपतं.

तीन चाकी मोटरसायकली दोन घडणीच्या असतात. पुढे दोन चाकं आणि मागे एक, ही पहिली. कॅन-ॲम स्पायडर २००७ मध्ये आली ती अशी, आणि २०१४ मध्ये आलेली पोलारिस स्लिंगशॉटही अशीच. दुसरी घडण पुढे एक आणि मागे दोन. हार्ले-डेव्हिडसनची २००९ च्या मॉडेलपासूनची ट्राय ग्लाइड त्यातली. या तिन्हींत मागच्या बाजूला शक्ती पोचवतो तो दातेरी बेल्ट. सगळ्याच तीन चाकी मात्र बेल्टवर चालत नाहीत. कॅन-ॲमचीच रायकर शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) चालते, यामाहाची निकेन साखळीवर. पुढचं बरंचसं विवेचन मागे एकच चाक असलेल्या गाडीचं आहे. मागे दोन चाकं असली की काय बदलतं ते शेवटाकडे येईल.

बेल्ट म्हणजे नक्की काय

मोटरसायकली नव्या होत्या तेव्हा त्यांत चामड्याचे पट्टे असत. ते भिजले की घसरत. साखळीने त्यांना हुसकावलं आणि पुढची कित्येक दशकं साखळीचीच सत्ता राहिली. १९८० मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या एफएक्सबी स्टर्जिस या मॉडेलमधून बेल्ट परत आला, पण हा नवा बेल्ट दातेरी होता. घसरण्याचा प्रश्नच संपला.

आजच्या बेल्टचं अंग पॉलियुरेथेनचं किंवा रबराचं असतं आणि दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर असतो. खरा जोर असतो तो आत लांबीच्या दिशेने गुंडाळलेल्या दोऱ्यांत. हे दोरे अरामिडचे (एक मजबूत कृत्रिम धागा) किंवा कार्बन फायबरचे असतात. केव्हलार हे अरामिडचंच एक रूप. ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी ते १९६५ मध्ये शोधलं. या धाग्यांचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण बेल्टबद्दलचे निम्मे नियम त्यातूनच निघतात. ओढलं तर हे धागे पोलादालाही भारी पडतात. पण तीव्र कोनात दुमडले तर आतल्या आत मोडतात, आणि वरून काहीच दिसत नाही. बेल्ट वरून नवा कोरा दिसतो आणि काही दिवसांनी अचानक तुटतो. म्हणून बेल्ट काढून ठेवताना पुढच्या छोट्या पुलीपेक्षा लहान वेटोळं करू नये, उलटा वळवू नये, पीळ देऊ नये आणि स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवरून उचकटून काढू तर मुळीच नये. बोटांनी बेल्ट पिळून ताणाचा अंदाज घेण्याची सवय काहींना असते. ती सोडलेली बरी. त्यातून कळत काहीच नाही, वर दोऱ्यांचं नुकसान.

दुसरा स्वभाव असा की हे दोरे जवळजवळ लांबत नाहीत. साखळीच्या पिना झिजतात, साखळी हळूहळू लांबते आणि ती सतत आवळत राहावी लागते. बेल्ट नवा असताना थोडा बसतो, मग बराच काळ जागचा हलत नाही. म्हणून एखाद्या गाडीचा बेल्ट वारंवार ढिला होत असेल तर पुन्हा पुन्हा बोल्ट फिरवण्यापेक्षा कारण शोधावं. एक्सल (चाकाचा आस) घसरत असेल, बेअरिंग गेलं असेल, पुलीचे दाते झिजले असतील किंवा आतले दोरे तुटायला लागले असतील.

ताण ओढण्यासाठी नसतोच

हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. एक हिशेब करून पाहू. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे आणि चाकापर्यंत ७५ किलोवॅट शक्ती, म्हणजे साधारण १०० अश्वशक्ती, पोचते आहे असं धरू. रस्त्यावर टायर सुमारे २,७०० न्यूटनने मागे रेटतो. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि मागच्या पुलीची ११ सेंटिमीटर धरली तर बेल्टवरची ओढ सात हजार न्यूटनच्या वर जाते. पाऊण टनाचं ओझं टांगल्यासारखंच ते झालं. आणि उभ्या गाडीत आपण बेल्टला जो ताण देतो तो असतो याच्या एका लहानशा हिश्शाएवढा. मग उरलेला जोर येतो कुठून?

तो दात देतात. दात पुलीच्या खाचेत बसलेला आहे तोवर बेल्टची ताणलेली बाजू हवा तेवढा जोर ओढते. आपण बोल्ट फिरवून जो ताण भरतो तो दुसऱ्या, मोकळ्या बाजूसाठी. गाडी पुढे ओढली जात असताना वरची बाजू ताठ होते आणि खालची सैलावते. त्या सैल बाजूचे दात पुलीत नीट बसून राहावेत, एवढ्यासाठीच आधीचा ताण हवा असतो. तो कमी पडला तर दात खाचेच्या माथ्यावर चढतो आणि उडी मारतो. कट्ट असा आवाज येतो. अशी एक उडीसुद्धा आतल्या दोऱ्यांना इजा करू शकते.

तीन चाकी गाडीत यात एक भर पडते. गाडी जड असते, त्यामुळे मागे नेण्यासाठी रिव्हर्सची सोय लागते. ती गिअरबॉक्समधूनच असेल तर रिव्हर्समध्ये बाजूंची अदलाबदल होते: खालची ताठ, वरची सैल. चढावर जड गाडी रिव्हर्सने मागे घेताना बेल्ट कटकटला तर ढिलेपणाचा तो सगळ्यात स्पष्ट इशारा. पुढे जाताना कधीच न उडालेला दात इथे उडतो.

जास्त ताण हाही उपाय नव्हे. गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या शाफ्टचं बेअरिंग आणि चाकाची बेअरिंगं तो भार दिवसरात्र सोसतात, गाडी उभी असतानाही. बेल्ट वेग वाढेल तसा सूं सूं असा सूर धरतो. ‘ढिला नको म्हणून थोडा जास्तच आवळला’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांची बेअरिंगं बेल्टच्या आधी जातात.

मोजायचं कसं

पहिली रीत दाबून मोजण्याची. बेल्टच्या खालच्या बाजूच्या मध्यावर ठरलेला जोर द्यायचा, बहुधा ४५ न्यूटन (म्हणजे साधारण साडेचार किलो), आणि बेल्ट किती मिलिमीटर हलला ते पाहायचं. यामागचं गणित सोपं आहे. झोल (बेल्ट हलला ते अंतर) म्हणजे जोर गुणिले मोकळी लांबी, भागिले ताणाची चौपट. दोन पुलींमधली मोकळी लांबी ६०० मिलिमीटर आणि ताण १,००० न्यूटन असेल तर ४५ न्यूटनला झोल येतो पावणेसात मिलिमीटर. ताण निम्मा केला तर साडेतेरा. हे आकडे समजण्यापुरते, तुमच्या गाडीचे नव्हेत. तिचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहायचा. पण या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते: बेल्ट जितका ताठ, तितका झोलातला फरक बारीक होत जातो. ढिल्या बेल्टमध्ये ताणाची चूक डोळ्यांना दिसते. ताठ बेल्टमध्ये एका मिलिमीटरच्या चुकीमागे शेकडो न्यूटन लपलेले असू शकतात. म्हणून अंगठ्याने दाबून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं पुरत नाही.

दुसरी रीत कानाची. बेल्टच्या मोकळ्या बाजूला टिचकी मारली की तो तारेसारखा कंप पावतो. तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो, तसंच इथे. फक्त सूर फार खालचा असतो. वरच्याच उदाहरणात बेल्टचं वजन मीटरला २०० ग्रॅम धरलं तर १,००० न्यूटनला सेकंदाला सुमारे ५९ कंपनं येतात, ५०० न्यूटनला ४२. सूर आणि ताण यांचं नातं मात्र वर्गाचं आहे: सूर १० टक्क्यांनी चढला तर ताण २१ टक्क्यांनी वाढलेला असतो. यासाठी खास मीटर मिळतात आणि मोबाइलवर ॲपही आहेत, पण इतका खालचा सूर फोनच्या माइकला कधी कधी नीट ऐकू येत नाही आणि तो त्याच्या दुप्पट सूर सांगून मोकळा होतो. दुप्पट सूर म्हणजे चौपट ताण. आकडा अविश्वसनीय वाटला तर ही शंका आधी घ्यावी.

तिसरी रीत लहानशा दाबगेजची. बेल्टवर ठेवून दाबायचं, क्लिक ऐकू आलं की थांबायचं, काटा वाचायचा. स्वस्त आणि सोयीची. क्लिकनंतरही नकळत दाबत राहिलं की आकडा फुगतो. म्हणून तीनदा मोजावं आणि तिन्ही आकडे जवळपास आले तरच मानावेत.

मला विचाराल तर रीत कुठली यापेक्षा दर वेळी तीच रीत वापरणं जास्त मोलाचं. आणि एकाच जागी मोजून थांबू नये. पुली किंचित विकेंद्री असते (तिचा मध्य जरासा ढळलेला असतो), त्यामुळे चाक फिरवत गेलं की ताण कमीजास्त होतो. चार-पाच जागी मोजून सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि मॅन्युअलचा आकडा तिथे बसवायचा. सैल जागी बसवला तर ताठ जागी बेल्ट मर्यादेबाहेर जाईल.

जॅक कुठे लावलात?

एकाच गाडीचा ताण दोन माणसं मोजतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. भांडण होतं गेजवरून. खोट बहुधा जॅकमध्ये असते.

पुढची पुली गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. स्विंगआर्म ज्या खिळीभोवती वरखाली होतो ती तिच्या थोडी मागे. दोन्ही एकाच जागी नसल्यामुळे स्विंगआर्म हलला की पुढच्या आणि मागच्या पुलीतलं अंतर बदलतं. पुढच्या पुलीचा मध्य, ही खिळी आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त, म्हणून ताणही सगळ्यात जास्त. स्विंगआर्म त्या रेषेच्या वर गेला किंवा खाली लोंबला की ताण उतरतो.

आता जॅक चेसीखाली लावून मागचा भाग उचलला तर चाक खाली लोंबतं. तोच जॅक स्विंगआर्मखाली लावला तर सस्पेन्शन दबलेलं राहतं. चाक जमिनीवर ठेवून मोजलं तर आणखी तिसरी स्थिती. तिन्ही ठिकाणी आकडा वेगळा येणार आणि तिन्ही आकडे खरे असणार. म्हणून मॅन्युअलमधला आकडा वाचताना त्याच्या शेजारचं वाक्यही वाचावं: चाक जमिनीवर की अधांतरी, स्वार बसलेला की नाही. मागे हवेचं सस्पेन्शन असेल तर त्यात हवा किती, हेही. कुणी ‘माझा इतका आहे’ असं सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा. स्थिती न सांगितलेला आकडा म्हणजे कुठल्या गावापासून ते न सांगितलेलं अंतर.

गाडी थंड असावी, हीही तितकीच महत्त्वाची अट. ६०० मिलिमीटर ॲल्युमिनियम ४० अंशांनी तापलं की अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त लांबतं. बेल्टमधले अरामिड आणि कार्बनचे धागे मात्र तापल्यावर लांबत नाहीत, उलट नखभर आखडतात. दोन्हींचा परिणाम एकाच बाजूला जातो, म्हणजे गरम गाडीचा बेल्ट जास्त ताठ. बोल्टाचा एक पूर्ण आटा साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो, तेव्हा अर्धा मिलिमीटर ही थट्टा नाही. लांबच्या फेरीहून आल्या आल्या मोजून बेल्ट सैल केला, तर सकाळी तो हवा त्याहून ढिला निघतो.

हात घालण्याआधी

पुढची दोन चाकं पाचर लावून अडवायची. पुढे दोन चाकं असल्यामुळे मागचं चाक उचललं तरी गाडी दुचाकीसारखी कलंडायला बघत नाही, ही या घडणीची मोठी सोय. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. सेमी-ऑटोमॅटिक गिअर असेल तर इंजिन बंद करण्याआधीच न्यूट्रल घ्यावा, नंतर तो सहज मिळत नाही. पार्किंग ब्रेक मागच्या चाकावर असतो, तो काढायचा. आणि चावी खिशात. बेल्ट कसा धावतो ते पाहायला कुणी इंजिन चालू करून चाक गिअरमध्ये फिरवतं. ते करू नये. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये बोट गेलं तर बोट राहत नाही. चाक हातानेच फिरवायचं, तेही टायरला धरून, पुलीपासून लांब.

एक्सलचा नट फार कसून आवळलेला असतो. तो सैल करायला लांब दांडा आणि अंगाचा जोर लागतो, म्हणून हे काम गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच करावं. जॅकवरच्या गाडीला असे हिसके देऊ नयेत. नट पूर्ण मोकळाही करायचा नाही. एक्सल बोल्टाने सरकेल, पण चाक स्वतःहून कलणार नाही, इतपतच.

मग दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर पांढऱ्या पेनने एकेक रेघ मारायची आणि चालू स्थितीचं मोजमाप लिहून ठेवायचं. हे सांगायला क्षुल्लक, पण काम अर्ध्यावर बिघडलं तर परत जायला वाट राहते ती या दोन रेघांमुळेच.

ताण वाढवायचा असेल तर दोन्ही बोल्ट पाव-पाव आटा फिरवायचे, चाक चार-पाच फेरे पुढे फिरवायचं आणि मग मोजायचं. कमी करायचा असेल तर जरा युक्ती लागते. बोल्ट सैल केला तरी एक्सल आपोआप पुढे येत नाही. तो जागीच अडकून बसतो आणि बोल्टाच्या डोक्यामागे पोकळी राहते. पुढे रस्त्यावर पहिला खड्डा आला की एक्सल त्या पोकळीत सरकतो आणि सगळी मेहनत वाया. म्हणून बोल्ट हवा त्यापेक्षा जरा जास्तच सैल करायचा, टायरवर मागून रबरी हातोडीने ठोकून चाक पुढे आणायचं आणि मग आवळत आवळत आकड्यावर यायचं. शेवटची हालचाल नेहमी आवळण्याच्याच दिशेने हवी.

सरळपणा: इथे मिलिमीटरही मोठा असतो

पुली दोन तऱ्हांनी वाकड्या असू शकतात. एक, दोन्ही समांतर आहेत पण एका पातळीत नाहीत: मागची पुली पुढचीपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर. दोन, मागची पुली कोनात फिरलेली आहे. बोल्टांनी फक्त दुसरी चूक सुधारते. पहिली चूक बोल्टांनी झाकायला गेलं की दोन चुका होतात. टायर बदलून आणल्यानंतर बेल्ट अचानक एका कडेला घासू लागला, तर बोल्टांना हात लावण्याआधी एक्सलवरचे स्पेसर (चाकाचं अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) पाहावेत. डावा-उजवा अदलाबदल झालेला स्पेसर, नीट न बसलेलं बेअरिंग किंवा पुली आणि चाक यांच्यामध्ये अडकलेला कचरा ही नेहमीची कारणं.

कोनाचा हिशेब करू. स्विंगआर्मचे दोन हात एकमेकांपासून २५० मिलिमीटरवर आहेत आणि बोल्टाचा आटा सव्वा मिलिमीटरचा, असं धरू. एकच बोल्ट एक पूर्ण आटा फिरवला तर एक्सल ०.२९ अंशांनी तिरका होतो. दातेरी बेल्टसाठी कारखान्यांत साधारण पाव अंशाची मर्यादा पाळतात. म्हणजे एका आट्यात आपण मर्यादा ओलांडली. पाव आटा म्हणजे ०.०७ अंश. म्हणूनच सुरुवातीपासून पाव आट्याचा आग्रह.

हाच ०.२९ अंश गाडीच्या अंगाने पाहू. मागचं चाक तेवढं तिरकं असेल आणि पुढचा एक्सल १.७ मीटरवर असेल, तर चाकाच्या रोखाची रेषा तिथे पोचेपर्यंत साडेआठ मिलिमीटर बाजूला गेलेली असते. दुचाकीस्वार नकळत थोडा कलून हे सांभाळून घेतो. स्पायडरसारखी तीन चाकी गाडी कलत नाही. तिचा मागचा टायर कारसारखा सपाट आणि रुंद, तो आपल्या रोखानेच जाणार. मग गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर हँडल मात्र वाकडं धरावं लागतं. अशा गाडीतली स्टॅबिलिटी यंत्रणा हँडलचा कोन आणि गाडीचं प्रत्यक्ष वळणं यांची सतत सांगड घालत असते. कायमचं वाकडं हँडल तिच्याही सोयीचं नाही. म्हणून पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट करायची असेल तर ती मागचा एक्सल आणि बेल्ट बसवल्यानंतर. आधी पुढे पैसे घालवून मग मागे बोल्ट फिरवणारे भेटतात, आणि त्यांना पुन्हा पुढे जावं लागतं.

बेल्ट कुठल्या बाजूला सरकतो? ढोबळ नियम असा की तो सैल कडेकडे जातो. डावा बोल्ट आवळून एक्सलची डावी बाजू मागे नेली तर बेल्ट उजवीकडे सरकायला बघतो. पण हा नियम डोळे मिटून पाळता येत नाही, कारण बेल्टच्या आतल्या दोऱ्यांना वळलेला पीळ असतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे: पुली अगदी सरळ असल्या तरी दोऱ्याचा पीळ बेल्टला एका बाजूला ढकलत राहतो. बनवणारे उजव्या आणि डाव्या पिळाचे दोरे शेजारीशेजारी घालून हा जोर पुष्कळसा मारतात, तरी थोडा उरतोच. म्हणून पुलीला कड दिलेली असते. बेल्ट पुलीच्या बरोबर मध्यावर तरंगत धावलाच पाहिजे हा हट्ट धरू नये. तो कडेच्या जवळ राहिला किंवा तिला हलकेच शिवला तर चालतं; कडेवर जोर देऊन रेलता कामा नये. हा फरक ओळखायला साध्या कागदाची पट्टी पुरते. चाक पुढच्या दिशेने दहा-बारा फेरे फिरवून थांबवा आणि पट्टी बेल्टची कड व पुलीची कड यांच्यामध्ये सरकवून पाहा. अलगद गेली तर उत्तम, थोडी घासत गेली तरी बेल्ट रेललेला नाही. शिरलीच नाही तर रेललेला आहे. किती फट हवी याचा आकडा मॅन्युअलमध्ये दिला असेल तर अर्थात तोच प्रमाण.

चाक पुढच्याच दिशेने फिरवायचं, हे पुन्हा सांगतो. उलट फिरवलं की बेल्ट उलट बाजूला चालू लागतो आणि दोन दिशांचे निरीक्षण मिसळले की डोकं फिरतं.

स्विंगआर्मवर कोरलेल्या खुणा सुरुवातीला बऱ्या. त्यांच्यावर विसंबू नये, त्या खुणांमध्येच एखाद्या मिलिमीटरचा फरक असू शकतो. त्याऐवजी स्विंगआर्मच्या खिळीच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी एकाच सरळ सळईने मोजावं. ते सारखं आलं आणि बेल्टही शांत धावला तर प्रश्न मिटला. अंतर सारखं आहे पण बेल्ट कडेवर चढतो, किंवा बेल्टला खूश करायला अंतरात मोठा फरक करावा लागतो, तर दोष बोल्टांच्या हाताबाहेरचा आहे: स्पेसर, बेअरिंग, स्विंगआर्मचे बुश किंवा वाकलेला स्विंगआर्म.

मागे दोन चाकं असली तर

ट्राय ग्लाइडच्या घडणीत बेल्ट चाकाला नव्हे, मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) पुलीला जोडलेला असतो. इथे पुली तिरकी झाली की तिच्याबरोबर अख्खा एक्सल तिरका होतो आणि दोन्ही चाकं मिळून गाडीला एका बाजूला वळवू बघतात. म्हणून इथे क्रम उलटा. आधी मोजमापाने एक्सल चेसीशी काटकोनात आणायचा, बेल्टचं त्यानंतर पाहायचं. बेल्टला बरं वाटावं म्हणून एक्सल तिरका करायची मुभा जवळजवळ नाही. दुचाकीला मागून दोन चाकं जोडून केलेल्या गाड्यांमध्ये तर हे अधिकच जपावं लागतं.

ठरावीक वेगालाच येणारा थरकाप

सगळं जुळवूनही काही गाड्यांत एका ठरावीक वेगाला पायांखाली थरथर जाणवते, जरा वेग वाढवला की जाते. हा अनुनाद. २२५/५० मापाचा १५ इंची टायर घेतला तर त्याचा घेर सुमारे १.९ मीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला साधारण साडेचौदा वेळा फिरतो. बेल्टचा स्वतःचा सूर ५९ असेल तर तो याच्या चौपटीच्या अगदी जवळ. चाकाचं थोडंसं असंतुलन किंवा पुलीचं विकेंद्रीपण दर फेऱ्याला बेल्टला टिचकी मारत राहतं आणि तो नेमक्या त्या वेगाला झुलू लागतो. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या भाराने बेल्टचा सूर बदलतो, त्यामुळे वेग अमुकच असं आधी सांगता येत नाही.

ताण बदलून थरकाप जात नाही, त्याचा वेग फक्त सरकतो. मॅन्युअलच्या मर्यादेत राहून तो कधीच न चालवल्या जाणाऱ्या वेगाला ढकलता आला तर छानच. त्यासाठी मर्यादेबाहेर बेल्ट ताणणं म्हणजे पायांचा थरकाप बेअरिंगांवर ढकलणं. काहीजण बेल्टच्या मोकळ्या बाजूला टेकणारं छोटं रबरी चाक बसवतात. ते झुलणं दाबतं आणि उपयोगी पडतं. पण आधी चाकाचा बॅलन्स पाहावा.

बाकी खुणा थोडक्यात. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव म्हणजे कड घासते आहे. पुलीखाली काळी भुकटी म्हणजेही बहुधा तेच. पुढच्या पुलीच्या मध्यापाशी विटकरी रंगाची पूड दिसली तर ती बेल्टची नाही. शाफ्टच्या खाचा आणि पुली यांच्यातलं लोखंड एकमेकांवर घासून गंजतं आहे; ताण कितीही नीट असला तरी ती पुली काढून पाहिलीच पाहिजे. बेल्टवर आरपार भोक, तुटका दात किंवा कडेने बाहेर आलेले दोरे दिसले तर जुळवाजुळव थांबवून बेल्ट बदलायचा. आणि तेल किंवा साखळीचा स्प्रे बेल्टला कधीच नाही. साबणाचं पाणी पुरतं.

शेवटचं आवळणं

इथे पुष्कळ जण घसरतात. ताण जुळला, बेल्ट सरळ धावला, आता नट आवळून उठायचं. पण एक्सलचा नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळताना एक्सल थोडा फिरतो, थोडा सरकतो, आणि त्याबरोबर ताणही हलतो, बऱ्याचदा वरच्या बाजूला. सैल नटावर मोजलेला आकडा हा अंतिम आकडा नसतो. म्हणून नट पूर्ण टॉर्कला आवळून पुन्हा मोजायचं. दर वेळी तो किती वाढतो ते कळलं की पुढच्या वेळी तेवढा कमी ठेवून सुरुवात करता येते. प्रत्येक गाडीची ही सवय ठरलेली असते. बोल्टांचे लॉकनट असतील तर तेही आता. मग मागचा ब्रेक दोनचारदा दाबून पाहायचा, कारण चाक मागेपुढे झालं की डिस्क आणि पॅडची जागाही हलते.

एक छोटी फेरी मारून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची आणि त्याच स्थितीत, त्याच गेजने पुन्हा मोजायचं. बेल्ट नवा असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या पहिल्या तपासणीपर्यंत थांबण्यापेक्षा एकदा मध्येच पाहिलेलं चांगलं. वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आकडा, चाक जमिनीवर होतं की अधांतरी, आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट किती फिरले. नटाला पिन असेल तर ती या सगळ्यानंतर घालायची, आणि जुनी नव्हे, नवी.